‘योग्य ती काळजी’ म्हणजे काय, ते परवान्यावर लिहा

प्रति,
मा. आयुक्त,
पथ, पाणीपुरवठा, मलनिस्सारण व विद्युत विभागांचे प्रमुख,
आणि रस्त्याखालून वीज, गॅस व इंटरनेट नेणाऱ्या सर्व कंपन्यांचे अधिकारी यांस

स. न. वि. वि.

रस्ते खोदण्याच्या आपल्या परवान्याबद्दल आणि त्याच्या अटी शिथिल करणाऱ्या परिपत्रकाबद्दल हे पत्र आहे. मी आपल्याच पाणीपुरवठा विभागात २९ वर्षे आरेखक म्हणून नोकरी केली. शहराच्या पूर्व भागातल्या जलवाहिन्यांचे निम्म्याहून जास्त नकाशे माझ्या हातचे आहेत. ट्रेसिंग कापडावर शाईने रेघा ओढायच्या आणि अमोनिया प्रिंट काढायच्या, त्या काळातले. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. शहराचे नाव मी या पत्रात मुद्दाम घातलेले नाही. पत्राची एक प्रत आवक विभागात दिली आहे, तिची पोच माझ्याकडे आहे. बाकीच्या वाचकांनी आपापल्या शहराचे नाव घालून वाचले तरी फारसा फरक पडणार नाही.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या गल्लीत इंटरनेटच्या केबलसाठी चर खोदायचे काम आले. दीड फूट रुंदीचा चर, पाच-सहा पोरे आणि एक मुकादम. सकाळी त्यांतल्या एकाने फाटकाशी येऊन विचारले, “मावशी, बाटली भरून द्याल का?” वय बावीस, गाव मराठवाड्यातले, शेतात काही उरले नाही म्हणून शहरात आलेला. बाटली भरेपर्यंत एवढेच बोलणे झाले. अर्ध्या तासाने लोखंडी पत्रा उंचावरून आदळावा तसा आवाज झाला आणि गल्लीभर पांढरा उजेड पडला. मी खाली धावले. त्याची पहार ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, विजेच्या केबलमध्ये गेली होती. पहारीचे टोक वितळून बोथट झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्याच्या हातांचे आणि चेहऱ्याचे काय झाले होते ते इथे लिहीत नाही. तो जगला. उजव्या हाताची तीन बोटे काढावी लागली.

त्या जागी केबल आहे हे मला १९९८ पासून माहीत होते.

त्या वर्षी आमच्या गल्लीत सहा इंची जलवाहिनी टाकली. चर उघडा असताना आमच्या मुकादमांना विजेची केबल सापडली. ते संध्याकाळी कार्यालयात आले आणि म्हणाले, “बाई, लिहून ठेवा. कर्बापासून तीन फूट, खोली तीन फूट, वर विटा.” कर्ब म्हणजे पदपथाची कड. केबल आमच्या खात्याची नव्हती, म्हणून शाईने काढता येईना. मी ती ट्रेसिंगवर पेन्सिलीने मांडली आणि माझ्या वहीतही उतरवून घेतली. पुढे सगळे नकाशे संगणकावर चढवले गेले. पेन्सिलीच्या खुणांचे काय करणार, असे मी तेव्हा विचारले होते. कामाच्या कक्षेत फक्त जलवाहिन्या आहेत, असे उत्तर मिळाले. त्यानंतर रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले. जुना थर काढताना रस्त्याची पातळी दीड फुटाने खाली गेली. तीन फुटांवरची केबल दीड फुटावर आली. हा बदल कुठल्याही नकाशावर नाही.

या अपघाताच्या चौकशीचा अहवाल मी माहितीच्या अधिकारात मिळवला. दीड पानाचा आहे. त्यातले वाक्य असे: ‘सदर ठिकाणी योग्य ती काळजी घेऊन खोदाई सुरू असताना कामगाराच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना घडली.’ मग मी खोदाईचा परवानाही मागवला. त्यात अट क्रमांक ९ आहे: ‘इतर सेवावाहिन्यांना इजा होणार नाही याची योग्य ती काळजी घ्यावी.’ अट क्रमांक १२ प्रमाणे दर ठराविक अंतरावर ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे ते पाहण्यासाठी छोटे खड्डे, घ्यायला हवे होते. ते घेतले की नाही, याबद्दल अहवालात अवाक्षर नाही.

मी तरीही गप्प बसले असते कदाचित. पण गेल्या महिन्यात आपण परिपत्रक काढले. पावसाळ्यापूर्वी कामे उरकावीत म्हणून अर्ध्या मीटरहून अरुंद चरांसाठी ट्रायल पिटची अट शिथिल केली. त्या पोराचा चर दीड फुटांचा होता. म्हणजे तो ज्या चरात भाजला, नेमक्या त्याच मापाच्या चरांना आपण सूट दिली आहे. हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते मी क्रमाने सांगते.

पहिली तक्रार शब्दांबद्दल आहे. ‘योग्य ती काळजी’ या तीन शब्दांना कुठलेही माप नाही. किती अंतरावर यंत्र थांबवायचे, केबल कोणी दाखवायची, दिसली नाही तर काय करायचे, यातले काहीच त्यात येत नाही. म्हणून अपघात झाला की ‘काळजी घेतली होती’ असे कंत्राटदारही लिहू शकतो आणि खातेही. जिथे हे काम नीट होते तिथे प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे, आणि त्या शब्दाला जोडून कोणाची तरी सही आहे. आपल्याकडे सगळे एकाच अटीत कोंबले आहे.

उदाहरणार्थ नकाशा, शोध आणि खूण. ही तीन वेगवेगळी कामे आहेत. नकाशा सांगतो की वाहिनी कुठे असायला हवी. शोध म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर उपकरण घेऊन ती आज कुठे आहे याचा माग काढणे. खूण म्हणजे तो माग रस्त्यावर रंगाने उमटवणे, म्हणजे कुदळ घेणाऱ्या माणसाला तो दिसेल. आपल्या परवान्याला संगणकावरच्या नकाशाची प्रिंट जोडली की तिन्ही कामे झाली असे धरले जाते.

त्या प्रिंटबद्दल मला बोलायचा अधिकार आहे, कारण त्या रेघा माझ्या आहेत. चर उघडा असताना टेप लावून मोजलेली वाहिनी मी अखंड रेघेने काढत असे. मुकादमाच्या किंवा व्हॉल्व्हमनच्या आठवणीवरून काढलेली तुटक रेघेने. जुन्या गावठाणातल्या तर बहुतेक रेघा तुटकच होत्या. संगणकावर चढवताना सगळ्या रेघा अखंड आणि निळ्या झाल्या. आज ती प्रिंट पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही की यातली कुठली रेघ मोजलेली आहे आणि कुठली एका म्हाताऱ्या व्हॉल्व्हमनने रस्त्यावर पाय आपटून “इथंच कुठंतरी” म्हणून दाखवलेली आहे.

अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने २००२ साली या प्रश्नावर मानक काढले. भूमिगत वाहिनीच्या माहितीला त्यात चार दर्जे आहेत. फक्त जुन्या नोंदी आणि तोंडी माहिती असेल तर डी. त्या नोंदी जमिनीवरच्या खुणांशी, म्हणजे चेंबर, व्हॉल्व्ह, खांब यांच्याशी ताडून पाहिल्या तर सी. उपकरणाने माग काढला तर बी. आणि वाहिनी उघडी करून, डोळ्यांनी पाहून, मोजली तरच ए. हे मी निवृत्तीनंतर वाचले आणि मला फार बरे वाटले. माझी तुटक रेघ म्हणजे डी आणि अखंड रेघ म्हणजे ए होती. आम्ही खात्यात हा भेद पाळत होतो. तो पुसून टाकायचा निर्णय कोणी घेतला असेल असे मला वाटत नाही. तो नुसता गळून पडला.

उपकरणांवरही डोळे मिटून विसंबू नये. धातूच्या वाहिनीला सिग्नल देऊन वरून माग काढणारा लोकेटर चांगले काम करतो. पण घरोघरी येणारा गॅस आता एमडीपीईच्या प्लास्टिक पाइपातून येतो. सोबत ट्रेसर वायर, म्हणजे माग काढण्यासाठीची धातूची तार, टाकलेली नसेल तर लोकेटरला तो पाइप दिसत नाही. जमिनीत रडारच्या लहरी सोडणारे यंत्र, ज्याला सगळे जीपीआर म्हणतात, ते प्लास्टिकही पकडू शकते. परंतु आपल्या ओल्या काळ्या मातीत त्या लहरी वरच्या वर जिरतात. आपल्या शहराचा नदीकडचा सगळा भाग काळ्या मातीवर वसला आहे, हे कंत्राटाची कागदपत्रे करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे.

खुणांचे रंग हा साधा विषय आहे, पैसेही फारसे लागत नाहीत. अमेरिकेत विजेला लाल, गॅसला पिवळा, दूरसंचाराला नारिंगी, पिण्याच्या पाण्याला निळा, मलवाहिनीला हिरवा आणि जिथे खोदायचे आहे त्या हद्दीला पांढरा रंग ठरलेला आहे. २००७ पासून तिथे देशभर ८११ हा एकच क्रमांक आहे. खोदण्याआधी तो फिरवायचा, मग वाहिन्यांचे मालक येऊन खुणा करून जातात. आमच्या गल्लीत त्या दिवशी एकच खूण होती, चुन्याची पांढरी रेघ. ती चर कुठून न्यायचा हे सांगणारी होती. खाली काय आहे ते सांगणारी नव्हती.

आता दुसरी तक्रार, आणि माझ्या दृष्टीने हीच मुख्य. वाहिनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्या जवळ खोदू देणे.

खूण केली तरी ती नेमकी नसते. उपकरण थोडे चुकते, वाहिनी वाकडी गेलेली असते. म्हणून वाहिनीच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा धरतात आणि त्या पट्ट्यात यंत्राला मज्जाव करतात. इंग्रजीत त्याला टॉलरन्स झोन म्हणतात. मी त्याला जपणुकीचा पट्टा म्हणते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो वाहिनीच्या बाहेरच्या कडेपासून दोन्हीकडे १८ ते २४ इंच आहे. पट्ट्यात शिरायचे तर आधी खड्डा घेऊन वाहिनी उघडी करायची, तिची जागा, खोली, जाडी मोजायची आणि मगच पुढे जायचे. याला तिकडे पॉटहोलिंग किंवा डेलाइटिंग म्हणतात, म्हणजे वाहिनीला उजेड दाखवणे. आमचे मुकादम ‘लाइन उघडी करणे’ म्हणत. आपल्या परवान्यातला ट्रायल पिट तो हाच. आपण सूट दिलीत ती या उजेडाला.

खोलीच्या भरवशावर राहता येत नाही हे आमच्या गल्लीने दाखवले आहे. केबल टाकण्याच्या भारतीय मानकात, आयएस १२५५ मध्ये, ११ केव्हीच्या केबलसाठी ०.९ मीटर आणि कमी दाबाच्या केबलसाठी ०.७५ मीटर खोली सांगितली आहे. त्या खोलीवर टाकलेली केबल त्याच खोलीवर राहते, हे गृहीत चुकीचे आहे. केबल जागची हलत नाही, रस्ता हलतो. डांबराचे थर चढतात, काँक्रिटसाठी उकरले जातात, पदपथ रुंद होतात, कर्ब सरकतो. ‘कर्बापासून तीन फूट’ लिहिले तेव्हाचा कर्ब आज कित्येक रस्त्यांवर उरलेला नाही.

आपले अधिकारी म्हणतील की अरुंद चर मजूर हातानेच खोदतात, यंत्र नसते, मग धोका कसला. धोका कसला ते त्या पोराच्या हाताला विचारावे. पहार हे टोकदार लोखंड आहे आणि ते माणसाच्या सगळ्या जोरानिशी खाली येते. केबलच्या जवळ पहार आणि टिकाव चालवणे यंत्र चालवण्याइतकेच वाईट. कदाचित जास्तच, कारण जेसीबीवाला निदान केबिनमध्ये असतो आणि पहारवाला ओल्या चरात उभा असतो.

म्हणूनच हायड्रो एक्स्कव्हेशनबद्दल लिहिते. हे ऐकले की लगेच ‘परदेशी फॅड’ म्हणून बाजूला सारले जाते, तसे करू नये. पद्धत साधी आहे. पाण्याच्या बारीक, जोराच्या झोताने माती सैल करायची आणि सैल झालेली माती लगेच जाड नळीने ओढून घ्यायची. गाडीवर पाण्याची टाकी, दाबाचा पंप, हवा खेचणारा ब्लोअर आणि ओढलेल्या मातीची टाकी असते. एक माणूस लांब दांड्याची झोतनळी धरतो, तिला वाँड किंवा लान्स म्हणतात. दुसरा सक्शनची नळी सांभाळतो. माती निघून जाते आणि केबल, तिच्यावरच्या विटा, शेजारचा पाइप जिथल्या तिथे राहतात. लोखंडाचे टोक कशालाच लागत नाही. कॅनडात अल्बर्टाच्या तेल-वायू क्षेत्रात ही पद्धत रुजली. तिथे जमीन हिवाळ्यात गोठून दगड होते आणि खाली वाहिन्यांचे जाळे असते. एक छोटा खड्डा घेऊन वाहिनी पाहायची असो, किंवा सलग अरुंद चर काढायचा असो, ज्याला तिकडे स्लॉट ट्रेंचिंग म्हणतात, दोन्ही याने होते. परिपत्रकात ज्यांना सूट दिली आहे ते चर नेमके या दुसऱ्या प्रकारात बसतात.

पाण्याचा झोत म्हणजे निरुपद्रवी, असेही कोणी समजू नये. कॅनडातल्याच ऑंटारिओ प्रांतातल्या मार्गदर्शक सूचना मी वाचल्या आहेत. झोताचा दाब २५०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर न्यायचा नाही. वाहिनीपासून दीड फुटाच्या आत आल्यावर तो १५०० वर आणायचा. नोझल वाहिनीपासून २० सेंटिमीटर लांब ठेवायचे, मातीत खुपसायचे नाही, रोख थेट वाहिनीवर धरायचा नाही आणि झोत एका जागी स्थिर ठेवायचा नाही. पाणी गरम वापरायचे तर ४५ अंशांच्या वर नाही. असा दाब केबलचे आवरण कापू शकतो आणि माणसाच्या कातडीतून आत शिरू शकतो. विजेची केबल असेल तर गाडीला अर्थिंग, पायाखाली मॅट, वीज न वाहणारी झोतनळी आणि शक्य असेल तिथे फीडर, म्हणजे त्या केबलचा वीजपुरवठा, बंद, हे सगळे हवे. यातला एकेक आकडा कुठल्या तरी अपघाताने शिकवलेला असणार. आपण तो आयता घेऊ शकतो.

आपल्या जमिनीत ही पद्धत किती चालेल, याचाही मी विचार केला आहे. मुरूम, काळी माती, राडारोड्याचा भराव, यांत चालेल. कातळात नाही, तिथे ब्रेकरच लागेल. पण केबली आणि पाइप ज्या मातीत पुरलेले असतात ती एकदा उकरून पुन्हा भरलेली माती असते, ती मऊच असते. पाणी लागते, आणि उन्हाळ्यात निम्म्या वस्त्या टँकरवर असताना पिण्याचे पाणी त्यात ओतणे मला तरी सहन होणार नाही. बोअरचे वापरावे, किंवा पाण्याऐवजी दाबाच्या हवेने माती सैल करणारी गाडी घ्यावी. हवेची गाडी चिकट मातीत हळू चालते, पण माती कोरडी राहते आणि त्याच खड्ड्यात परत भरता येते. पाण्याने खोदले की मातीचा रेंदा होतो. तो कुठे टाकायचा हे आधी ठरवा, नाहीतर रात्री तो पावसाळी गटारात सोडला जाईल आणि जूनमध्ये पाणी तुंबेल.

आपल्याकडे मलवाहिन्या साफ करायला जेटिंग-सक्शनच्या गाड्या आहेत. तत्त्व तेच आहे, आपली माणसे ते रोज हाताळतात, तेव्हा शिकायला जड जाणार नाही. पण कृपा करून तीच गाडी उद्या केबलवर पाठवू नका. तिचे नोझल पाइपाच्या आतून चालायला बनवलेले आहे आणि विजेपासून संरक्षणाची सोय तिच्यात नसते.

तिसरी तक्रार लपवलेल्या ओरखड्यांची. केबल तुटली की कळते, पाइप फुटला की कळते. जेसीबीच्या बकेटचा दात पाइपाला नुसता घासून गेला तर कोणी सांगत नाही. सांगितले तर काम थांबते, दंड बसतो, मुकादमाची नोकरी जाते. माती लोटून मोकळे होतात. बेल्जियममधल्या गिलेंगियां इथे ३० जुलै २००४ रोजी उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटली आणि २४ माणसे मेली. आधीच्या बांधकामात यंत्राने तिचा पत्रा कुरतडला गेला होता. वाहिनी त्या दिवशी फुटली नाही. पुढे दाब वाढवल्यावर फुटली. आपल्या शहरातही गॅसचे जाळे दर वर्षी वाढते आहे. ओरखडा आपणहून कळवणाऱ्याला दंड लावू नये, आणि लपवणाऱ्याला सोडू नये. आज आपण नेमके उलटे करतो.

चौथी, थोडक्यात. आयएस ३७६४ या खोदाईच्या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे दीड मीटरहून खोल चराला बाजूंनी आधार दिलाच पाहिजे आणि उकरलेली माती कडेपासून लांब ठेवली पाहिजे. ड्रेनेजच्या कामांवर मी दोन-अडीच मीटरचे उघडे चर पाहते, मातीचा ढीग अगदी काठावर आणि आत माणूस. याचे फोटो मी आपल्या कार्यालयाला दोनदा पाठवले आहेत.

पाचवी, बुजवण्याबद्दल. केबलवर वाळू, वाळूवर विटा किंवा टाइल्स आणि त्यावर इशारा देणारी रंगीत पट्टी. पुढच्या खोदणाऱ्याला मागच्या माणसाने दिलेला हा एकमेव निरोप असतो. त्या पोराच्या चरात विटा नव्हत्या. १९९८ मध्ये होत्या, माझ्या वहीत लिहिलेल्या आहेत. मधल्या काळात कोणीतरी चर उघडला, विटा काढल्या आणि तसाच बुजवला.

शेवटची तक्रार अशी की जे आयते मिळाले आहे तेही आपण वापरत नाही. पंतप्रधानांच्या हस्ते २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू झाले. गांधीनगरच्या ज्या संस्थेने ते बनवले तिला आपल्या भास्कराचार्यांचे नाव आहे. खोदणाऱ्याने जागा नोंदवायची, त्या जागी ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना निरोप जातो. विनासमन्वय खोदाईने देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले होते. त्याच वर्षी जानेवारीत दूरसंचार वाहिन्यांच्या सुरक्षेचे नियम अधिसूचित झाले. खोदण्याआधी सूचना देणे त्यात बंधनकारक केले. आमच्या गल्लीच्या परवान्याच्या कागदपत्रांत अशा नोंदणीचा क्रमांक मला सापडला नाही. आपल्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभागांनी आपल्या वाहिन्या त्या अॅपवर चढवल्या आहेत का, याचेही उत्तर मला दोन अर्जांनंतर मिळालेले नाही.

माझ्या मागण्या या आहेत.

१. ट्रायल पिटला सूट देणारे परिपत्रक पावसाळ्यानंतरची खोदाई सुरू होण्याआधी मागे घ्यावे. पावसाळ्यात निघणाऱ्या तातडीच्या कामांनाही ही सूट नको.

२. परवान्यातून ‘योग्य ती काळजी’ हे शब्द काढावेत. त्याजागी नकाशा कोणी दिला, शोध कोणी घेतला, खुणा कोणी केल्या, वाहिनी कोणी उघडी करून मोजली, असे चार रकाने ठेवावेत. प्रत्येकासमोर नाव, तारीख आणि सही.

३. जपणुकीचा पट्टा दोन्ही बाजूंना दोन फूट असा परवान्यावर छापावा. त्यात जेसीबी, ब्रेकर, आडवे ड्रिलिंग करणारे यंत्र आणि पहार बंद. जमिनीखालून आडवे ड्रिल मारत येणाऱ्याला तर पुढे काय आहे ते दिसतच नाही, म्हणून त्याने ओलांडायच्या प्रत्येक वाहिनीवर उघडा खड्डा घेतलाच पाहिजे.

४. पाण्याच्या किंवा हवेच्या झोताने खोदणारी निदान एक गाडी महापालिकेने भाड्याने घ्यावी आणि गॅस व उच्च दाबाच्या केबलींजवळच्या खड्ड्यांसाठी कंत्राटदारांना दर लावून द्यावी. गाडी येईपर्यंत फीडर बंद करून, इन्सुलेटेड दांड्याच्या बोथट फावड्याने, वाहिनीच्या मालकाचा माणूस उभा असतानाच खड्डा घ्यावा.

५. प्रत्येक चर उघडा असताना त्यात दिसलेल्या सगळ्या वाहिन्या, त्या कोणाच्याही असोत, मोजून एका नकाशावर याव्यात. प्रत्येक रेघेला तिचा दर्जा लावावा. खोली रस्त्याच्या पृष्ठापासून न मोजता कायमच्या तलचिन्हापासून, म्हणजे पक्की उंची ठरलेल्या खुणेपासून, मोजावी, म्हणजे रस्ता उंच-सखल झाला तरी आकडा खोटा ठरणार नाही.

६. चौकशी अहवालातले ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द मागे घ्यावेत. ज्याला नकाशा दाखवला नाही, ज्याच्यासमोर खूण नव्हती, ज्याच्यासाठी खड्डा घेतला नाही, त्याने आणखी कसली काळजी घ्यायची होती ते मला सांगावे. त्या शब्दांमुळे त्याची नुकसानभरपाई अडली आहे. कंत्राटदार ते वाक्य दाखवतो आणि हात झटकतो. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) काम देणाऱ्या मूळ मालकाचीही जबाबदारी धरलेली होती, हे आपल्या विधी विभागाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

तो मुलगा आता गावी आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. डाव्या हाताने सही करायची सवय करतोय, म्हणाला, बँकेत लागते. त्याने माझ्याकडे काहीही मागितले नाही. मी केबलची जागा सत्तावीस वर्षे वहीत लिहून ठेवली आहे आणि त्या सकाळी त्याला पाण्याची बाटली देताना ते माझ्या तोंडून निघाले नाही, हे त्याला मी अजून सांगू शकलेले नाही.

अशा १४ वह्या माझ्याकडे आहेत. १९९० पासूनच्या. मुकादम आणि व्हॉल्व्हमन जे सांगत ते सगळे त्यात आहे: कुठे जुनी बिडाची लाइन बंद करून तशीच सोडली, कुठे केबल आडवी गेली, कुठला चेंबर डांबराखाली गेला. सांगणाऱ्यांपैकी बरेचजण आता नाहीत. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता त्या वह्या घेऊन मी पथ विभागात येते. एक टेबल आणि स्कॅन करणारा एक माणूस मोकळा ठेवावा. पेन्सिल फिकट झाली आहे, तेव्हा स्कॅनिंग गडद ठेवायला सांगावे. मी शेजारी बसेन. अक्षर बारीक आहे, आणि काही खुणा वाचून दाखवाव्या लागतील.

आपली,
एक निवृत्त आरेखक, पाणीपुरवठा विभाग